तान्हुल्याचें फुप्फुस व शल्यवैद्याचें शस्त्र

या सदरांतून दरमहा तुमच्या भेटीस येतांना मी बहुधा इतरांच्या चुकांवर बोट ठेवीत आलों आहें. शाळामास्तराची ती खोडच आहे. तीस-पस्तीस वर्षें लाल पेन्सिल हातांत राहिली म्हणजे निवृत्तीनंतरहि ती सहसा सुटत नाहीं. या महिन्यांत मात्र ती पेन्सिल मी स्वतःच्याच वहीवर फिरविणार आहें.

विषय आहे कांहीं बालकांच्या फुप्फुसांत जन्मतःच असणाऱ्या वैगुण्याचा आणि त्यावरील शस्त्रक्रियेचा. मी वैद्य नव्हें. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेला एक मॅट्रिक मास्तर आहें. परंतु ज्या घरावर हा प्रसंग गुदरला तें घर माझें, आणि ज्या वडीलधाऱ्या माणसानें त्या प्रसंगीं भलताच आग्रह धरला तोहि मीच. म्हणून डॉक्टरांना पुनःपुन्हां विचारून जें समजावून घेतलें, तें आज तुमच्यापुढें ठेवीत आहें. एकत्र कुटुंबांत तान्ह्या मुलाचा प्रश्न कधींच केवळ आईबापांचा नसतो. आजी, आजोबा, आत्या, काका या साऱ्यांचीं मतें पाळण्याभोंवतीं गोळा होतात. त्या मतांनीं आधार मिळतो, तशी कधीं कधीं वाटहि अडते.

सुमारें सहा वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या धाकट्या सूनबाईंना पांचवा महिना लागला होता. नेहमींप्रमाणें सोनोग्राफी झाली आणि त्या दोघांस डॉक्टरीणबाईंनीं बाजूला बसवून सांगितलें कीं, बाळाच्या डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग जसा दिसावयास हवा तसा दिसत नाहीं. तेथें एक पांढुरकी गांठ असून तींत लहान लहान बुडबुड्यांसारखे कोष आहेत. संध्याकाळीं ही वार्ता घरांत पसरली. माझ्या वडील भगिनी, ज्यांना आम्ही सारे आक्का म्हणतों, त्या जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "ग्रहणाच्या दिवशीं ही विळीवर भाजी चिरायला बसली होती. मीं तेव्हांच म्हटलें होतें." सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, ताटें वाढीत राहिल्या. मीहि बोललों नाहीं. ती माझी पहिली चूक.

मी बोलावयास हवें होतें, आणि काय बोलावयास हवें होतें तें आतां मला ठाऊक आहे. गर्भ चार आठवड्यांचा असतां अन्नमार्गाच्या पुढील बाजूस एक इवलासा अंकुर फुटतो. त्याला दोन फांद्या फुटतात, त्या फांद्यांना डहाळ्या, डहाळ्यांना आणखी डहाळ्या, आणि अशा रीतीनें श्वासनलिकेचा वृक्ष वाढत जाऊन उजव्या बाजूस तीन व डाव्या बाजूस दोन खंडांचें फुप्फुस तयार होतें. या असंख्य फाट्यांपैकीं एखादा फाटा चुकला, बंद राहिला किंवा भलत्याच जागीं उगवला, कीं त्यापुढील भाग विकृत होतो. हें सारें बहुतांशीं गर्भारपणाच्या पहिल्या कांहीं महिन्यांतच घडून जातें. त्याचा विळीशीं, ग्रहणाशीं अथवा आईच्या खाण्यापिण्याशीं कसलाहि संबंध नाहीं. अशीं वैगुण्यें कांहीं हजार जन्मांतून एखाद्यांत आढळतात, आणि बहुतेक वेळां तीं घराण्यांतून चालत आलेलीं नसतात. ज्या आईला आधींच काळजीनें झोंप नाहीं, तिच्या माथीं दोष मारणें हें अज्ञान तर आहेच, पण क्रौर्यहि आहे.

या वैगुण्यांचे मुख्य प्रकार चार आहेत, असें डॉक्टर सांगतात. पहिल्या प्रकारांत फुप्फुसाच्या एका भागांत हवेच्या नेहमींच्या पिशव्यांऐवजीं लहानमोठे कोष तयार होतात. या विकृतीचें स्पष्ट वर्णन १९४९ सालीं चिन व टँग या दोघांनीं केलें. पुढें १९७७ सालीं डॉ. स्टॉकर यांनीं तिचे तीन वर्ग पाडले आणि नंतर ते पांच केले. आज डॉक्टर तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सीपॅम' म्हणतात. दुसऱ्या प्रकारांत फुप्फुसाचा एक तुकडा श्वासनलिकेपासून तुटलेला असतो. तो श्वसनाचें काम करीत नाहीं, आणि त्याला रक्तहि फुप्फुसाच्या नेहमींच्या रोहिणीकडून न मिळतां थेट महारोहिणीच्या एखाद्या फांटीकडून मिळतें. वाटणी मागून वेगळी चूल मांडलेल्या, पण त्याच वाड्यांत राहणाऱ्या भाऊबंदासारखी त्याची स्थिति असते. याला 'सिक्वेस्ट्रेशन' हें नांव डॉ. प्राइस यांनीं १९४६ सालीं दिलें. तिसऱ्या प्रकारांत एखाद्या खंडाची नळी अशी लुळी असते कीं हवा आंत शिरते, परंतु बाहेर पडत नाहीं. मग तो खंड फुगत जातो आणि शेजारचें निरोगी फुप्फुस व हृदय यांना दाबूं लागतो. बहुधा डाव्या फुप्फुसाचा वरचा खंडच असा फुगतो. चौथ्या प्रकारांत श्वासनलिकेच्या आसपास पाण्यानें अथवा बुळबुळीत द्रवानें भरलेली एक बंद पिशवी असते. कधीं कधीं पहिला आणि दुसरा हे प्रकार एकाच ठिकाणीं मिसळलेले सांपडतात. आमच्या नातवाचें तसेंच होतें, पण तें पुढें कळावयाचें होतें.

पोटांतील बाळाला फुप्फुसाची गरज नसते. त्याला प्राणवायु वारेंतून मिळतो. म्हणून यांतील बहुसंख्य मुलें पोटांत सुखरूप वाढतात. भीति असते ती गांठ फार मोठी होऊन हृदयावर दाब येण्याची. तसें झालें तर बाळाच्या पोटांत, छातींत व कातडीखालीं पाणी सांचतें आणि त्याचा जीव धोक्यांत येतो. ही शक्यता अजमावण्यासाठीं डॉक्टर एक साधें गणित करतात, आणि तें मला माझ्यांतल्या मास्तरामुळें फार आवडलें. गांठीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्यें मोजून तिघांचा गुणाकार करावयाचा, त्याला ०.५२ नें गुणावयाचें आणि बाळाच्या डोक्याच्या घेरानें भागावयाचें. उत्तर १.६ च्या वर गेलें तर धोका अधिक. आमच्या बाळाची गांठ ४, ३ व ३ सेंटिमीटर होती; डोक्याचा घेर १८ सेंटिमीटर. गुणाकार ३६, त्याचे ०.५२ पट १८.७२, भागिले १८, उत्तर १.०४. डॉक्टरीणबाईंनीं तो आंकडा कागदावर लिहून दिला आणि सांगितलें कीं, या गांठी साधारणतः २६ ते २८ आठवड्यांपर्यंत वाढतात व नंतर स्थिरावतात. तोंवर वरचेवर मोजीत राहूं. तो कागद सूनबाईंनीं जपून ठेवला आहे.

गणित प्रतिकूल आलें तरीहि आज हात बांधलेले नाहींत. बारीक कोषांच्या मोठ्या गांठीसाठीं आईला बीटामेथासोन नांवाच्या औषधाचीं इंजेक्शनें देतात. त्यानें पुष्कळदां गांठीची वाढ रोखली जाते. एकच मोठा पाण्याचा कोष असेल तर सुईच्या वाटेनें बारीक नळी बसवून तो गर्भजलांत रिता करतां येतो. आणि अगदींच निकराच्या प्रसंगीं गर्भावरच शस्त्रक्रिया करण्याचें धाडसहि झालेलें आहे. सॅन फ्रॅन्सिस्को येथील डॉ. मायकेल हॅरिसन, डॉ. स्कॉट ॲड्झिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं असा वृत्तान्त प्रसिद्ध केला. गर्भाशय उघडून, बाळाच्या छातींतील सदोष खंड काढून, बाळ पुन्हां आंत ठेवावयाचें, ही कल्पनाहि आमच्या पिढीला पुराणांतली वाटावी. परंतु असे प्रसंग क्वचित्. बहुतेक आयांच्या वांट्याला येतें तें मोजमाप, वाट पाहणें व धीर धरणें.

येथें एक गोष्ट जातां जातां सांगून ठेवतों. आपल्या देशांत १९९४ च्या कायद्यान्वयें सोनोग्राफींत बाळ मुलगा कीं मुलगी हें विचारणें व सांगणें हा गुन्हा आहे. यंत्र आहे तें अशा वैगुण्याचा वेध घेण्यासाठीं. तें त्याच कामासाठीं वापरलें जावें, हें पाहणें घरांतील वडिलांचें कर्तव्य आहे.

यथाकाल सूनबाई प्रसूत झाल्या. मुलगा जन्मतःच खणखणीत रडला. रंग गुलाबी, वजन तीन किलो. एक्स-रे काढला तो स्वच्छ. शिवाय शेवटच्या दोन महिन्यांत सोनोग्राफींतहि ती गांठ पुसट होत होत दिसेनाशी झाली होती. घरांत पेढे वांटले. मुलांच्या डॉक्टरांनीं मात्र घरीं सोडतांना बजावलें कीं, एक्स-रे स्वच्छ आला तरी निश्चिंत राहूं नका. तीन-चार महिन्यांनीं छातीचा सी.टी. स्कॅन करून घ्या.

चौथा महिना लागला तेव्हां चिरंजिवांनीं विषय काढला. मी म्हटलें, "धडधाकट मुलाला गुंगीचें औषध द्यायचें, यंत्रांत घालायचें, किरण द्यायचे, कशासाठीं? परमेश्वरानें जें नाहींसें केलें तें पुन्हां कशाला शोधतां?" सूनबाई दाराशीं उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मामंजी, चित्रांत दिसत नाहीं म्हणजे गेलें असें नव्हे, असें डॉक्टर म्हणाले होते." मी उत्तर दिलें, "जें दिसत नाहीं त्याच्यामागें धांवूं नये, सूनबाई." माझ्या शब्दापुढें त्या घरांत कोणी जात नसे. स्कॅन राहिला. ती माझी दुसरी चूक, आणि मोठी.

वाचकहो, ज्या माणसानें आयुष्यभर शास्त्राचे पाठ घोकले त्यानें असें बोलावें, याची मला आजहि लाज वाटते. मीमांसक व वेदान्ती यांनीं 'अनुपलब्धि' हें एक प्रमाण मानलें आहे, हें मीं कितीदां तरी समजावून दिलें असेल. वस्तु आढळली नाहीं, यावरून ती नाहीं असें कळतें. परंतु त्याला एक अट आहे. ती वस्तु तेथें असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिति असली पाहिजे. उजेडांत घट दिसला नाहीं तर घट नाहीं. काळोख्या खोलींत दिसला नाहीं तर कांहींच सिद्ध होत नाहीं. एक्स-रे ही या बाबतींत काळोखी खोली आहे. गर्भारपणाच्या अखेरीस निरोगी फुप्फुस वाढून गांठीसारखेंच दिसूं लागतें, म्हणून सोनोग्राफींत ती हरवते. आणि जन्मानंतर साध्या एक्स-रे मध्येंहि ती पुष्कळदां उमटत नाहीं. रक्तवाहिन्या दाखविणारें औषध शिरेंत देऊन काढलेल्या स्कॅनमध्येंच ती नीट दिसते. दिवा लावण्याचें काम त्या स्कॅनचें होतें, आणि दिवा मीं लावूं दिला नाहीं.

अकराव्या महिन्यांत मुलाला ताप आला. दोन दिवसांत श्वास जलद झाला, नाकपुड्या फुलूं लागल्या, बरगड्यांखालीं खड्डे पडूं लागले. न्यूमोनिया म्हणून रुग्णालयांत ठेवला. ताप उतरे आणि पुन्हां चढे. अखेर स्कॅन झाला. ती गांठ होती तेथेंच होती. तिच्या कोषांत पू झाला होता, आणि महारोहिणीपासून निघालेली एक वेगळी रक्तवाहिनी तिला रक्त पुरवीत होती. तीन आठवडे इंजेक्शनें चालली. त्या तीन आठवड्यांत सूनबाईंनीं मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें झालें असतें.

आतां शस्त्रक्रियेविषयीं. आपल्या आयुर्वेदाच्या आठ अंगांत शल्य आणि कौमारभृत्य हीं दोन स्वतंत्र अंगें आहेत. आजच्या बालशल्यवैद्यांत तीं दोन्ही एकत्र आलीं आहेत. तान्ह्या मुलाची छाती उघडणें हें शंभर वर्षांपूर्वीं जवळजवळ अशक्य मानीत असत. कारण छाती उघडतांच फुप्फुस मिटतें, आणि मुलाला त्या स्थितींत श्वास देत राहण्याची विद्या तयार नव्हती. भूल देण्याच्या शास्त्रानें ती उणीव भरून काढली. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनीं कोषांनीं भरलेलें संपूर्ण फुप्फुस अवघ्या तीन आठवड्यांच्या बालकाच्या छातींतून काढून तें बालक वाचविल्याचा वृत्तान्त १९४६ सालीं प्रसिद्ध केला. आज संपूर्ण फुप्फुस काढण्याचा प्रसंग क्वचितच येतो. बहुधा सदोष खंड तेवढा काढतात.

फुप्फुसाचा खंड काढल्यावर मुलाला जन्मभर दम लागणार नाहीं काय, हा प्रश्न मीं शल्यवैद्यांना विचारला. त्यांचें उत्तर असें. तो खंड मुळांत श्वसनाचें काम करीतच नव्हता, त्यामुळें गमावण्यासारखें थोडें. शिवाय जन्माच्या वेळीं फुप्फुसांतील हवेच्या पिशव्या कांहीं कोटीच असतात. प्रौढपणीं त्या तीस ते पन्नास कोटींच्या घरांत जातात. त्यांची मोठी वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत होते. म्हणून लहानपणीं खंड काढला तर उरलेलें फुप्फुस वाढून ती जागा भरून काढतें. अशीं मुलें पुढें इतरांसारखींच धांवतात, पोहतात. वय वाढल्यावर ही भरपाई तितकी होत नाहीं.

शस्त्रक्रियेच्या रीती दोन. जुनी रीत म्हणजे बरगड्यांच्या मधून छेद घेऊन छाती उघडणें. नवी म्हणजे तीन-चार बारीक छिद्रांतून दुर्बीण व नाजूक अवजारें आंत घालून काम करणें. तान्ह्या मुलांत हें दुर्बिणीचें काम रूढ करण्यांत अमेरिकेंतील डेन्व्हरचे डॉ. स्टीव्हन रॉथेनबर्ग यांचा वांटा मोठा आहे. या रीतीनें वेदना कमी होतात, व्रण लहान राहतो आणि पुढें छाती अथवा पाठीचा कणा वांकडा होण्याची भीति कमी असते. मात्र तें सोपें काम नव्हे. मूल एका कुशीवर, एकाच फुप्फुसानें श्वास घेत असतें, आणि छातींतील जागा मुठीएवढी. विशेषतः जेथें महारोहिणीची वेगळी फांटी असते तेथें ती आधीं शोधून पक्की बांधावी लागते. ती हातून निसटून पडद्याखालीं ओढली गेली तर रक्तस्राव आवरणें कठीण. म्हणूनच स्कॅनमध्यें रक्तवाहिन्यांचा नकाशा आधीं पाहिजे.

आमच्या नातवाच्या बाबतींत पू ओसरल्यावर सहा आठवडे थांबून शस्त्रक्रिया ठरली. आरंभ दुर्बिणीनें केला. परंतु रोग होऊन गेलेल्या जागीं फुप्फुस छातीच्या भिंतीला घट्ट चिकटलें होतें; शेवटीं छाती उघडावी लागली. आंत नेतांना मूल माझ्या धोतराचा सोगा धरून होतें. परिचारिकेनें तो हळूच सोडवला. चार तास आम्ही बाहेर बांकावर होतों. आक्कांच्या हातांत जपमाळ होती, पण मणि पुढें सरकत नव्हते. मग त्या उठून सूनबाईंच्या शेजारीं जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा कांहीं दोष नव्हता ग. मी उगाच बोललें होतें." सूनबाईंनीं आक्कांच्या खांद्यावर डोकें टेकलें आणि त्या सव्वा-दीड वर्षांत प्रथमच माझ्यादेखत रडल्या.

शल्यवैद्य बाहेर आले तेव्हां प्रसन्न होते. खालचा खंड निघाला, वरचा उत्तम फुगला, असें त्यांनीं सांगितलें. मीं त्यांना एकटें गांठून विचारलें, "आधीं आलों असतों तर?" ते म्हणाले, "कदाचित् तीन छिद्रांत भागलें असतें. पण आतां तें मोजूं नका, आजोबा. मूल बरें आहे." छातींत बसवलेली नळी चौथ्या दिवशीं निघाली आणि नवव्या दिवशीं आम्ही घरीं आलों.

आतां न्यायबुद्धीनें दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. ज्या मुलाला जन्मतःच श्वास घेण्यास त्रास होतो, त्याला शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नाहीं, आणि ती तांतडीनें व्हावी लागते. त्याविषयीं दुमत नाहीं. परंतु ज्या मुलाला कांहींच त्रास नाहीं, त्याच्यावर शस्त्र धरावें कीं नाहीं याविषयीं खुद्द शल्यवैद्यांतच मतभेद आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, पुढें रोगसंसर्ग होतो, क्वचित् कोष फुटून छातींत हवा सांचते, अत्यंत क्वचित् त्यांत कर्करोगहि उद्भवतो. म्हणून मूल साधारण तीन महिन्यांचें ते एक वर्षाचें होईपर्यंत, निरोगी असतांनाच, खंड काढावा. दुसरा पक्ष म्हणतो कीं, कित्येक मुलें कांहींहि न होतां मोठीं होतात. मग सर्वांचीच छाती कां उघडावी? नियमानें तपासणी करीत लक्ष ठेवावें. दोन्ही पक्षांत जाणते लोक आहेत. डायसर-१ नांवाच्या जनुकांत दोष असलेल्या घराण्यांत, साध्या कोषासारखा दिसणारा एक दुर्मीळ कर्करोग मुलांच्या फुप्फुसांत होतो, हें २००९ सालीं उघड झालें आहे. म्हणून नात्यांत लहान मुलांना असे अर्बुद झाल्याचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना अवश्य सांगावा.

तेव्हां माझी चूक ही नव्हे कीं मीं शस्त्रक्रियेस नकार दिला. तो प्रश्न त्या वेळीं उभाच राहिला नव्हता. माझी चूक ही कीं मीं पाहण्यासच नकार दिला. लक्ष ठेवण्याचा पक्ष घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवावे लागतात. मीं ते मिटले, आणि त्याला श्रद्धा असें नांव दिलें.

यावरून ज्या चार गोष्टी मला शिकावयास मिळाल्या, त्या तुमच्या घरासाठीं येथें लिहून ठेवतों. गर्भारपणीं असें वैगुण्य दिसलें तर आईला दोष देऊं नये, आणि जेथें नवजात मुलांचे तज्ज्ञ व बालशल्यवैद्य हाताशीं आहेत अशाच ठिकाणीं प्रसूतीची व्यवस्था करावी. सोनोग्राफीचे सर्व कागद जपून ठेवावेत आणि मुलाच्या डॉक्टरांना दाखवावेत. पोटांत दिसलेलें वैगुण्य पुढें कोणास सांगितलेंच नाहीं, अशीं उदाहरणें विरळ नाहींत. एखाद्या मुलाला वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर प्रत्येक वेळीं तो फुप्फुसाच्या त्याच जागीं होतो काय, हें अवश्य विचारावें. तोच तोच कोपरा पुनःपुन्हां धरला जात असेल तर तेथें जन्मजात कांहीं असूं शकतें. आपल्याकडे अशा मुलांना क्षयाचीं औषधेंहि महिनोन् महिने दिलीं जातात. एक खंड फुगलेला असला तर एक्स-रे मध्यें तो कोषांतून हवा सुटल्यासारखा भासतो, आणि घाईनें छातींत नळी घातली तर अपाय होतो. म्हणून अशा वेळीं जाणत्या शल्यवैद्याचें मत घेण्याचा आग्रह धरावा. घरांत विडी-सिगारेटचा धूर व कोंडलेल्या खोलींतला धूप अशा मुलाजवळ नसावा, आणि लसी वेळच्या वेळीं टोंचाव्या.

आणि शेवटची गोष्ट माझ्यासारख्या वडिलांकरितां. घरांतील मुलाच्या औषधोपचाराचा निर्णय आईबापांनीं डॉक्टरांशीं बोलून घ्यावा. आपण पैसा, पाठबळ, रुग्णालयांतील डबा आणि रात्रीची सोबत द्यावी. मत विचारलें तर द्यावें. आपला शब्द घरांत शेवटचा मानला जातो, म्हणूनच तो उच्चारण्यापूर्वीं आपल्याला त्या विषयांतलें काय कळतें, हें स्वतःस विचारावें.

नातू आतां पांच वर्षांचा झाला आहे. डाव्या काखेखालीं एक आडवा व्रण आहे. तो मित्रांना मोठ्या अभिमानानें दाखवितो. सकाळीं तो माझ्यापुढें बसून रामरक्षा म्हणतो आणि एका श्वासांत किती श्लोक होतात याची माझ्याशीं पैज लावतो. हल्लीं बहुधा तोच जिंकतो. सूनबाई स्वयंपाकघरांतून ऐकत असतात. गेल्या महिन्यांत त्याच्या वार्षिक तपासणीची वेळ आली तेव्हां त्यांनीं मला विचारलें, "मामंजी, मंगळवारची वेळ घेऊं ना?" मी म्हटलें, "सूनबाई, तुम्हीं ठरवाल ती वेळ. मी पिशवी धरून बरोबर येतों."